चित्रपट आणि प्रेक्षकांचा अभिप्राय : कोल्हापूर जिल्हा व चंदगड सीमाभागाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी चित्रपटाचा इतिहास प्रामुख्याने निर्माते, दिग्दर्शक, कलावंत आणि चित्रसंस्था यांच्या कर्तृत्वाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. या इतिहासात कोल्हापूरचे स्थान अग्रभागी आहे. मात्र ज्या प्रेक्षकाने तिकीट काढून चित्रपट पाहिला, बाहेर येऊन त्याविषयी मत दिले आणि त्या मताने चित्रपटाचे भवितव्य ठरविले, तो प्रेक्षक इतिहासग्रंथांत सहसा 'अफाट गर्दी' किंवा 'अल्प प्रतिसाद' अशा दोन शब्दांत आटोपला जातो. चंदगड तालुक्यातील कोवाडचे रणजित देसाई यांच्या 'राजा रविवर्मा' या कादंबरीवर 'रंगरसिया' हा चित्रपट निघाला व तो २०१४ मध्ये प्रदर्शित झाला, ही नोंद सहज सापडते. त्याच तालुक्यात तंबूत बसून चित्रपट पाहणाऱ्यांना काय आवडले आणि काय आवडले नाही, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. प्रेक्षकांचा अभिप्राय ही इतिहासाची साधनसामग्री ठरू शकते काय आणि ठरत असल्यास ती कोठे शोधावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंगभूमीकडून आलेला वारसा :

चित्रपट येण्यापूर्वीच मराठी प्रेक्षक अभिप्राय देण्यास सरावलेला होता. संगीत नाटकातील पद आवडले की 'वन्स मोअर'चा पुकारा होई आणि नटाला ते पुन्हा म्हणावे लागे. तमाशात दौलतजादा हा अभिप्रायाचाच रोकडा प्रकार होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली आणि ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. या नव्या माध्यमात एक मूलभूत फरक होता. पडद्यावरील नट 'वन्स मोअर' देऊ शकत नव्हता. चित्रपट पुन्हा पाहावयाचा तर पुन्हा तिकीट काढणे भाग होते. रंगभूमीवरील 'वन्स मोअर' अशा रीतीने तिकीट खिडकीवर आला आणि चित्रपट किती आठवडे चालला हेच त्याच्या मूल्यमापनाचे परिमाण बनले. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव आणि पन्नास आठवड्यांचा सुवर्णमहोत्सव हे शब्द त्यातूनच रूढ झाले. तमाशापटातील लावणीच्या वेळी पडद्याच्या दिशेने नाणी उधळणारा प्रेक्षक जुनी सवय नव्या माध्यमात घेऊन आला होता, असे म्हणता येईल.

कोल्हापूर : निर्मितीचे केंद्र आणि प्रेक्षकांचा कौल :

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब होते की प्रेक्षक हादरून गेले आणि पुढे ते दृश्य वगळावे लागले, असे चित्रपटाच्या इतिहासात नमूद केले जाते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. एका बाजूस मान्यवराचा गौरव आणि दुसऱ्या बाजूस सामान्य प्रेक्षकाची भीती, असे दोन्ही अभिप्राय येथे एकाच कलाकृतीस लाभले.

याच कंपनीच्या १९२५ मधील 'सावकारी पाश' या चित्रपटाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारित या मूकपटात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी होती. पुढील काळातील अभ्यासकांनी त्यास भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभबिंदू मानले. पौराणिक व ऐतिहासिक कथांना सरावलेल्या तत्कालीन प्रेक्षकांनी मात्र त्यास फारसा प्रतिसाद दिला नाही. येथे प्रेक्षक चुकला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. कर्जाचे दुःख घरी भोगणारा माणूस तेच दुःख पाहण्यासाठी पैसे का मोजील, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. अपयशी ठरलेल्या चित्रपटाविषयीचा अभिप्रायही त्या काळाच्या समाजस्थितीचा पुरावा असतो, ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली. तिचा 'संत तुकाराम' (१९३६) मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. वारकरी परंपरेत वाढलेला प्रेक्षक आणि परदेशी परीक्षक यांचे मत येथे जुळले. अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. तथापि हे सर्व आकडे शहरांतील आहेत. खेड्यात एक चित्रपट काही रात्रीच दाखविला जात असल्याने 'आठवडे' हे परिमाण तेथे लागूच पडत नाही.

चंदगड : दोन जिल्ह्यांच्या मधला प्रेक्षक :

चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्याचा भाग होता. राज्य पुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड वगळता उर्वरित बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तर चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडले गेले. प्रशासनाची दिशा बदलली, पण बाजार, शिक्षण, दवाखाना व करमणूक यांची वाट बेळगावकडेच राहिली, कारण कोल्हापूरच्या तुलनेत बेळगाव कितीतरी जवळ आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रही बेळगावातच आहे. त्यामुळे या भागातील प्रेक्षकाचे चित्रपटगृह राज्याच्या सीमेपलीकडे आणि जिल्ह्याचे मुख्यालय दूर, अशी स्थिती निर्माण झाली.

गावातील चित्रपट म्हणजे फिरती टॉकीज. चंदगडच्या मुसळधार पावसात तंबू उभा राहणे शक्य नसल्याने हा व्यवसाय सुगीनंतरच्या कोरड्या महिन्यांत आणि जत्रांच्या आधाराने चाले. फिरत्या टॉकीजमध्ये येणारी प्रत बहुधा जुनी असे. साहजिकच शहरात जाऊन चित्रपट पाहून आलेल्याने तो गावात आधी 'सांगितलेला' असे आणि तंबूत तो नंतर पाहिला जाई. कथा, गाणी, हाणामारी, रडण्याचे प्रसंग यांच्या वर्णनातच चित्रपट पाहावा की न पाहावा याचा निवाडा असे. पहिल्या रात्रीचा निवाडा दुसऱ्या दिवशी बाजारात, पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर पोहोचे आणि दुसऱ्या रात्रीची गर्दी त्यावर अवलंबून राही. 'पिक्चर पडला', 'लोकांनी डोक्यावर घेतला', 'पैसे वसूल झाले' हे वाक्प्रचार या मौखिक समीक्षेची परिभाषाच होत. 'पैसे वसूल' या एका शब्दयोगात कष्टाच्या मजुरीतून काढलेल्या तिकिटाचा हिशेब दडलेला आहे. मराठी, कन्नड व कोंकणी यांचा संस्कार झालेल्या चंदगडी बोलीत ही चर्चा होत असे. म्हणून ती बोलीच्या अभ्यासकांसाठीही तितकीच मोलाची आहे.

छापील मूल्यमापन आणि त्याची मर्यादा :

प्रेक्षकांचे मत पद्धतशीरपणे नोंदविण्याचा पहिला मोठा प्रयत्न टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीने १९२७-२८ मध्ये केला. समितीने देशभर ३५३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या. सुशिक्षित वर्ग पाश्चात्त्य चित्रपटांकडे आणि बहुजन प्रेक्षक देशी चित्रपटांकडे ओढला जातो, असे तिच्या अहवालातून दिसून आले. परंतु साक्षी देणारे बहुतांशी अधिकारी, व्यावसायिक व शिक्षित नागरिक होते. बहुजन प्रेक्षकाविषयी ते बोलले, तो स्वतः क्वचितच बोलला.

१९३५ मध्ये बाबूराव पटेल यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले. त्यातील वाचकांचे प्रश्न व संपादकांची खोचक उत्तरे अत्यंत लोकप्रिय ठरली. १९५४ मध्ये प्रथम दिल्या गेलेल्या फिल्मफेअर पुरस्कारांसाठी वाचकांची मते मागविण्यात आली होती. प्रेक्षकाला मतदार मानण्याची ही महत्त्वाची सुरुवात होती. तथापि मत देण्यासाठी इंग्रजी येणे व मासिक मिळणे आवश्यक असल्याने ग्रामीण प्रेक्षक या मतदार यादीबाहेरच राहिला.

फिल्म सोसायटी चळवळीने चर्चेला शिस्त दिली. १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी, १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया आणि १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. कोल्हापुरात जन्मलेल्या कंपनीचे नाव मुंबईतील रसिकांच्या संस्थेला मिळाले, तर कोल्हापुरातील फिल्म सोसायटीने बाबूराव पेंटर यांचे नाव धारण केले. या चळवळीने जागतिक चित्रपट पाहणारा जाणकार प्रेक्षक घडविला. मात्र तिचे कार्यक्षेत्र शहरांपुरते राहिले.

तंबूकडून ताऱ्यांकडे :

१९९० मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट मूव्ही डेटाबेसवर प्रेक्षक एक ते दहा गुण देऊ शकतो. वृत्तपत्रांतील ताऱ्यांची पद्धतही सर्वपरिचित आहे. मोबाईलमुळे डोंगरकपारीतील तरुणही आता आपले मत जगासमोर मांडू शकतो. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला आणि ग्रामीण महाराष्ट्रानेही तो आपला मानला. त्याविषयीची मते मोठ्या प्रमाणावर लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत. उद्याच्या इतिहासकाराला त्यामुळे २०१६ चा प्रेक्षक सापडेल. १९६६ चा प्रेक्षक मात्र त्याच्याच गावात असूनही सापडणार नाही. शिवाय आकड्यात बसविलेले मत आणि सांगितलेले मत यांत फरक आहे. तारे चित्रपट कसा वाटला हे सांगतात. तो कोणी, कोणाबरोबर, कोणत्या परिस्थितीत पाहिला आणि का आवडला, हे तोंडी कथनातूनच उमगते.

निष्कर्ष :

१. प्रेक्षकांचा अभिप्राय हा चित्रपटाच्या इतिहासाचा दुय्यम भाग नसून चित्रपटाच्या यशापयशामागील निर्णायक घटक आहे. लोकप्रिय चित्रपटांइतकेच नाकारलेले चित्रपटही समाजाविषयी माहिती देतात.

२. समिती, मासिके, पुरस्कार व फिल्म सोसायट्या यांच्या नोंदी प्रामुख्याने शहरी व शिक्षित प्रेक्षकाच्या आहेत. केवळ त्यांच्या आधारे ग्रामीण अभिरुचीविषयी विधान करणे शास्त्रीय ठरणार नाही.

३. चित्रप्रदर्शनाचे परवाने देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असल्याने चंदगडसारख्या तालुक्याचा अभ्यास करताना १९५६ पूर्वीच्या कागदपत्रांसाठी बेळगाव आणि नंतरच्या कागदपत्रांसाठी कोल्हापूर, अशा दोन्ही ठिकाणच्या दप्तरांचा विचार करावा लागेल.

४. कागदपत्रांतून तंबू कोठे व केव्हा उभा राहिला हे समजेल, प्रेक्षकाचे मत समजणार नाही. त्यासाठी मौखिक इतिहास हाच मार्ग आहे. १९५० व १९६० च्या दशकांत तंबूत चित्रपट पाहणारी पिढी आज वार्धक्यात आहे आणि ती वेगाने कमी होत आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून या मंडळींच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित केल्यास अल्प खर्चात मोलाचा संग्रह उभा राहील. विद्यार्थ्याच्या घरातील आजी-आजोबांनाच हा प्रश्न प्रथम विचारता येईल. हे काम पुढील दहा वर्षांत झाले नाही, तर नंतर ते करण्याची संधी कोणत्याही संशोधकास मिळणार नाही.