आमच्यासारख्यांना घेतात का?



स्मरणिका समितीने शाळेच्या इतिहासावर लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी पडले सॉफ्टवेअरवाली. दहावीनंतर इतिहासाचे पुस्तक हातात घेतलेले नाही. शाळेची वर्षवार वाटचाल आणि मुख्याध्यापकांची यादी या अंकात स्वतंत्रपणे दिलेली आहेच. त्यामुळे मी त्यामागची गोष्ट लिहिते. फादर आणि सिस्टरांची शाळा आपल्यासारख्या गिरणगावातल्या मुलांची शाळा कशी झाली, ही ती गोष्ट.

माझ्या प्रवेशाच्या दिवशी बाबा रात्रपाळी करून थेट शाळेत आले होते. केसांत कापसाचे तंतू तसेच होते. ऑफिसच्या खिडकीपाशी उभे राहून त्यांनी हळूच विचारले, "बाई, आमच्यासारख्यांना घेतात का?" बाईंनी काही न बोलता फॉर्म पुढे सरकवला. बाबांनी हा प्रसंग घरात शंभर वेळा सांगितला असेल. त्यांच्या प्रश्नाला किती मोठा इतिहास आहे, हे मला हा लेख लिहायला बसल्यावर कळले.

सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. १८७७ मध्ये आपली 'जुनी गिरणी' सुरू झाली आणि शहर वाढू लागले. तेलुगू बोलणारे विणकर आले, कन्नड बोलणारे व्यापारी होतेच, उर्दू आणि मराठी तर घरचीच. रेल्वे आणि लष्करी छावण्या जिथे जात, तिथे कॅथलिक धर्मगुरूही जात. कारण आयरिश शिपाई, गोव्याचे कारकून, रेल्वेतले अँग्लो-इंडियन कर्मचारी यांच्यात कॅथलिक पुष्कळ होते. त्यांच्या मुलांसाठी शाळा हव्या होत्या. पुण्याच्या कॅम्पात जीझस अँड मेरी संस्थेच्या सिस्टरांनी १८६० मध्ये काम सुरू केले आणि १८६७ मध्ये सेंट व्हिन्सेंट शाळा निघाली. या शाळा इंग्रजी माध्यमाच्या आणि प्रामुख्याने 'त्यांच्या' मुलांच्या. गिरणी कामगाराच्या मुलीला तिथे जागा असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसते.

दुसरा प्रवाह अगदी वेगळा होता. जर्मनीत १८७२ साली कायदा करून जेझुइट संघाला देशाबाहेर काढण्यात आले. मुंबई-पुण्याचे मिशन त्याआधीच जर्मन जेझुइटांकडे होते. तिथूनच काही फादर नगर जिल्ह्यात गेले. १८७८ च्या सुमारास राहुरी तालुक्यातल्या केंदळ गावी त्यांचे काम सुरू झाले. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ नगर-सोलापूर भागाने नुकताच सोसला होता. खेड्यांत त्यांनी ज्या प्राथमिक शाळा काढल्या त्या मराठी होत्या. एक खोली, एक मास्तर, पाटी आणि खडू. ज्यांना गावच्या शाळेत ओट्याखाली बसवले जाई, ती मुले इथे आत बसली. धर्मप्रसार हा या कामाचा उघड हेतू होता, ते लपवण्याचे कारण नाही. पण पाटीवर पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिणाऱ्या मुलाला काय मिळाले, तेही विसरता येत नाही.

१८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. बर्नहार्ड बायडरलिंडन हे पहिले बिशप. आपले सोलापूर याच धर्मप्रांतात येते. पुढे १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी जर्मन फादर रातोरात शत्रू ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले, पुढे बहुतेकांना मायदेशी पाठवले गेले. १९०७ पासून पुण्याचे बिशप असलेले हेन्री डोरिंग यांना १९२१ मध्ये जपानमधल्या हिरोशिमाला धाडण्यात आले. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याच्या पदावर आले आणि १९४८ पर्यंत राहिले. बाहेरची माणसे गेली तरी शाळा चालू राहिल्या, त्या गोव्याच्या, वसईच्या, मंगळूरच्या आणि नगरच्या माणसांमुळे. आपल्याला शिकवणाऱ्या टीचरांची आडनावे आठवून पाहा, म्हणजे हा इतिहास हजेरीपटावर दिसेल.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. ६ जानेवारी १९५४ रोजी तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारने एक आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश द्यावा. म्हणजे 'आमच्यासारख्यांना' नाही! सरकारचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. मुलांनी आपल्या भाषेत शिकावे, हा विचार मलाही पटतो. हा लेख मराठीत लिहिताना माझे ऱ्हस्व-दीर्घ आईकडून तपासून घ्यावे लागले, त्यामुळे इंग्रजी शिक्षणाची किंमत मला माहीत आहे. पण कोणाच्या मुलाने कुठे शिकावे, हे जन्मावरून ठरवायचे का?

देवळालीच्या बार्न्स शाळेच्या चालकांनी या आदेशाला आव्हान दिले. ही शाळा कॅथलिक नव्हे, अँग्लिकन परंपरेतली. तिथे प्रवेश नाकारलेल्या मुलांचे दोन पालकही कोर्टात गेले. एक भारतीय ख्रिस्ती, दुसरे गुजराती हिंदू डॉक्टर. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५४ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे राज्यघटनेचे कलम २९ (२) या मुलांच्या मदतीला आले.

तो आदेश टिकला असता, तर आपल्या वर्गातले किती जण आज या मेळाव्याला असते? आमच्या एका बाकावर तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या तिघी बसायचो. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी प्रत्येकीच्या घरची वेगळी, आणि मधल्या सुट्टीत ती कोणाची कोण खाते याचा हिशोब नसे. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जात, आम्ही नीतिशिक्षणाला. तास संपला की पुन्हा एकत्र.

म्हणून शेवटी एक विनंती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल दिला. आपल्या संस्था आपण चालवण्याचा त्यांचा घटनादत्त हक्क मला मान्य आहे. १९५४ मध्ये शाळा त्या हक्काच्याच बळावर उभ्या राहिल्या होत्या. मात्र याचा अर्थ असा, की गरीब पालकाला दार उघडायचे की नाही, हे आता कायद्यापेक्षा संस्थेच्या आणि आपल्या मनावर आहे.

मेळाव्याच्या निधीतून स्टेज, फेटे आणि जेवणावळीचा खर्च होईलच. त्यातला एक वाटा दरवर्षी पहिलीत येणाऱ्या काही मुलांच्या फीसाठी ठेवावा, असे मी समितीला सुचवले आहे. माझा पहिला हप्ता मी बाबांच्या नावाने जमा केला आहे. गिरणी बंद झाली, बाबाही आता नाहीत. पण यंत्रमागावरून नाहीतर विडी कारखान्यातून थेट येऊन कोणीतरी ऑफिसच्या खिडकीपाशी तोच प्रश्न विचारणार आहे. त्यांच्यापुढेही फॉर्म तसाच सरकवला जावा.