जमावाचा गुन्हा आणि दगडी क्रूस

बर्लिनमध्ये अलेक्झांडरप्लाट्झजवळ, दूरदर्शन मनोऱ्याच्या सावलीत मारियेनकिर्श हे मध्ययुगीन चर्च आहे. त्याच्या दारालगत एक झिजलेला दगडी क्रूस उभा आहे. पर्यटक त्याच्याकडे क्वचितच पाहतात. मला मात्र तो प्रशासनाच्या एका जुन्या पेचाची साक्ष वाटतो.

त्याविषयीची लोककथा अशी. चर्च बांधणाऱ्या कारागिराने बांधकामाचा पैसा जुगारात उडवला आणि सैतानाशी करार केला. पुढे सैतानाने त्याचा बळी घेतला आणि त्या जागी हा क्रूस उभारला गेला.

इतिहास निराळा आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोप बावीसावे जॉन आणि बव्हेरियाचा लुडविग यांच्यात सत्तासंघर्ष पेटला होता. १३२४ मध्ये पोपने लुडविगला धर्मबहिष्कृत केले. त्याच सुमारास बर्लिनच्या संतप्त जमावाने पोपच्या पक्षाचा धर्माधिकारी निकोलाउस याला ठार मारले आणि त्याचे प्रेत भर बाजारात जाळले. निकोलाउस हा बेर्नाउचा. चर्चने साऱ्या नगरावर धार्मिक निर्बंध लादले. ते सुमारे वीस वर्षे टिकले. अखेर नगराने दंड भरला, वेदी उभारली आणि हा क्रूस बसवला.

असे प्रायश्चित्ताचे क्रूस जर्मन प्रदेशांत वाटोवाट आढळतात. खुनी आणि मृताचे नातेवाईक यांच्यात तडजोड होई. भरपाईबरोबर क्रूस उभारण्याची अटही असे. १५३२ च्या कॅरोलिना दंडसंहितेने खुनाचा न्याय राजसत्तेकडे सोपवला आणि ही प्रथा मागे पडत गेली. बर्लिनचा क्रूस वेगळा एवढ्यासाठीच, की येथे गुन्हेगार एक माणूस नव्हता, सारे नगर होते.

जमावाच्या गुन्ह्याची शिक्षा कोणाला द्यायची? हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम १५ नुसार अशांत भागात जादा पोलीस नेमून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करता येई. राजस्थानात अशा एका आदेशातून काही गावांतील हरिजन व मुस्लिम रहिवाशांना वगळण्यात आले होते. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. इतर समाजांतही शांतताप्रिय माणसे होती, त्यांना केवळ जात-धर्मावरून वेगळे काढता येत नाही, असा त्यामागील विचार होता.

सेवेत असताना मी हे कलम अनेकदा वाचले. सामूहिक दंड बसवणे सोपे असते, कारण त्यात पुरावा शोधण्याचे कष्ट नसतात. पण बर्लिनमध्ये ज्या स्त्रिया आणि मुले त्या दिवशी बाजारात नव्हती, त्यांनीही वीस वर्षे निर्बंध सोसले.

आणि शेवटी काय उरले? नगराने दंड भरला, पण स्मृतीतून स्वतःचा गुन्हा पुसून टाकला व दोष सैतानाच्या माथी मारला. दोषी नेमका कोण हे नोंदवले नाही, तर लोक सोयीची कथा रचतात. ती नोंद ठेवणे हे प्रशासकाचे काम आहे, दगडाचे नव्हे.