गाडी उचलायची म्हणजे नेमकं काय उचलायचं?

मंडळी, पेरणी जवळ आली की अचलपूर-परतवाडा भागात जुन्या फोर बाय फोर जीपवाल्या पोट्ट्यांची एकच गोष्ट चालते, गाडी उचलायची. कोणी शॅकल लांब करतो, कोणी पाटे वाढवतो, तेही घरच्या आंगणात. माझ्याकडे जुनी एमएम ५४० आहे म्हणून मलाही विचारतात. उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागते.

आपल्या वऱ्हाडात चिखलावरचा जुना उपाय म्हणजे बंडीचं चाक. लाकडी, कमरेच्या वर येणारं, त्यावर लोखंडी धाव. काळी माती पाणी पिली की फुगते, चिकटते, चाकोरी खोल होत जाते. पण चाक मोठं, म्हणून आस जमिनीपासून दोनेक फूट वर. मधल्या उंचवट्याला ती घासत नसे. कमानपाटे नव्हतेच, उंची सगळी चाकाची. पुढं टायरची बंडी आली. ती डांबरी रस्त्यावर हलकी चालते, पण आस खाली आली.

जीपची गोष्ट उलटी. १९४०-४१ मध्ये अमेरिकन सैन्यासाठी ती बनली तेव्हा मुद्दाम बुटकी ठेवली, शत्रूला लांबून दिसू नये म्हणून. महायुद्ध सरल्यावर १९४५ मध्ये विलीज कंपनीनं सीजे-२ए काढली आणि थेट शेतकऱ्याला विकायला लागली: नांगर ओढा, पट्टा लावून यंत्र फिरवा. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं मुंबईत, माझगावला, विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडल्या. मग सीजे-३बी, आणि १९८० च्या दशकात एमएम ५४०. पेट्रोलचं इंजिन जाऊन डिझेल आलं, पण खालची रचना तीच राहिली. पुढं-मागं अखंड ॲक्सल, आणि ॲक्सलच्या खालून जाणारे पाटे.

आता हे पाटे वेल्डिंग करून ॲक्सलच्या वर घेतले की बॉडी चार-पाच इंच उचलते. फोटो झकास येतो. पण डिफरन्शियलचं पोट होतं तिथंच राहते! अन् ओल्या वावरात जीप बसते ती त्याच पोटावर. ते उचलायचं तर टायरच मोठं पाहिजे, आणि दोन इंच मोठं टायर एकच इंच देते, वर गिअर जड अन् ब्रेक कमी. बंडीवाल्या म्हाताऱ्याला हा हिशोब न शिकता माहीत होता.

शॅकलचंही तसंच. ते पाट्याच्या एकाच टोकाला असते, म्हणून दोन इंच लांब केलं तर गाडी एकच इंच उठते. वरून ॲक्सल किंचित फिरते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस लवकर जातात. पुढच्या बाजूला केलं तर स्टिअरिंग हातात राहत नाही. ब्रेकचे पाइप ताणतात ते वेगळंच. हे सगळं घेऊन पाच माणसं बसवून चिखलदऱ्याचा घाट उतरायचा म्हटलं की मला तर धडकी भरते. वजन वर गेलं, आणि जीप जात्याच अरुंद.

कायदाही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झालाच तर विमावालेही बोट ठेवतात.

मी काय केलं? तीस वर्षांच्या ओझ्यानं माझे पाटे पार सपाट झाले होते. ते उतरवले, तुटलेलं पान बदललं, बाकीच्या पानांना थंडच ठोकून परत कमान दिली. भट्टीत लाल करून वाकवू देऊ नका. पुन्हा नीट पाणी चढवलं नाही तर पोलाद मऊ पडते आणि महिनाभरात पुन्हा बसते. बुश, सेंटर बोल्ट, यू बोल्ट नवे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कोणी शिरायचं नाही. चेसिसखाली रुंद लाकडी ठोकळे, मागच्या चाकांना उटी. उंची वाढवली नाही, गेलेली तेवढी परत आणली. यू बोल्टचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, आणि आठवडाभर चालवल्यावर पुन्हा एकदा, कारण पाटे बसले की ते ढिले पडतातच.