‘सुक्कर’ : तळटीप

सुक्कर : डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत साखरेला हाच शब्द आहे, स्वीडिशमध्ये ‘सॉकेर’, आइसलँडिकमध्ये ‘सिकुर’. शब्द मूळचा तिकडचा नाही. संस्कृत ‘शर्करा’, म्हणजे आधी खडी, वाळूचे खडे, मग साखरेचे दाणे. प्राकृतातून तिची आपल्याकडे ‘साखर’ झाली. फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून हा शब्द इटलीमार्गे जर्मन मुलखात पोचला, आणि ल्यूबेकसारख्या हान्सा बंदरांच्या व्यापाऱ्यांबरोबर उत्तरेला गेला. फिनिश भाषा अगदी वेगळ्या कुळातली, तरी तिनेही स्वीडिशकडून ‘सोकेरी’ घेतला. खडीसाखरेचा स्वीडिश शब्द ‘कान्दिसॉकेर’ तर फारच लोभस आहे: त्यातला ‘कान्दि’ संस्कृत ‘खंड’वरून आलेला, म्हणजे दोन्ही पदे मूळची इथली.

अठराव्या शतकातल्या डॅनिश घरांतल्या साखरेचा विचार करताना मात्र शब्दापाशी थांबता येत नाही. डेन्मार्कने १७३३ मध्ये कॅरिबियन समुद्रातले सेंट क्रॉय बेट फ्रान्सकडून विकत घेतले. तिथल्या ऊसमळ्यांत आफ्रिकेतून आणलेली माणसे गुलाम म्हणून राबत. त्यांच्या उठावानंतर १८४८ मध्ये ही गुलामगिरी संपली. — संपा.