लायलपूर : नंबरांच्या गावांचं शहर

आम्ही ठाण्याला राहायचो तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक दारजी होते. पांढरीशुभ्र दाढी, फिकट निळी पगडी, संध्याकाळी गेटपाशी खुर्ची टाकून बसायचे. मे महिना जवळ आला की आम्हा पोरांमध्ये "तुझं गाव कुठलं?" हा विषय हमखास निघायचा. कुणाचं चिपळूण, कुणाचं बार्शी. एकदा मी दारजींनाही विचारलं. ते म्हणाले, "जिल्हा लायलपूर, चक नंबर अमुक, जी.बी." आकडा मी विसरलो. गावाला नंबर असतो याचं तेव्हा फार हसू आलं होतं.

तो नंबर कुठून आला ते बऱ्याच वर्षांनी वाचलं, आणि हसू गेलं.

लायलपूर म्हणजे आजचं पाकिस्तानातलं फैसलाबाद. रावी आणि चिनाब या नद्यांच्या मधला हा उंचवट्याचा, कोरडा मुलूख. त्याला म्हणायचे सांदल बार. अकबराशी वैर घेणारा दुल्ला भट्टी इथलाच; लोहडीला पंजाबात अजून त्याचं नाव घेतात. इंग्रजांच्या कागदांत ही जमीन 'पडीक'. आता पडीक म्हणजे काय, तर नांगर लागलेला नाही इतकंच. गुरं-उंट घेऊन चाऱ्यामागे फिरणारी माणसं तिथे पिढ्यानपिढ्या होतीच. साहेबांनी त्यांना 'जांगली' म्हणून टाकलं. १८५७ साली याच लोकांनी राय अहमद खान खरल याच्या मागे उभं राहून गोगेरा भागात उठाव केला होता आणि त्यात तो मारला गेला.

१८९२ च्या सुमारास चिनाबवर खानकी इथे बंधारा बांधून लोअर चिनाब कालवा निघाला. वीस लाख एकरांहून जास्त जमीन लागवडीखाली आणायचा बेत. अमृतसर, जालंधर, होशियारपूर अशा दाटीवाटीच्या जिल्ह्यांतून शेतकरी आणून वसवले. जमिनीची आखणी पट्टी ठेवून केल्यासारखी. पंचवीस-अठ्ठावीस एकरांचा एक चौरस, त्याला नाव मुरब्बा (बरणीतला नव्हे!). बऱ्याच मुरब्ब्यांचं मिळून एक गाव, म्हणजे चक. त्याला नंबर, आणि पुढे कालव्याच्या ज्या शाखेतून पाणी येतं तिची आद्याक्षरं. जी.बी. म्हणजे गोगेरा ब्रँच! दारजींच्या पत्त्यात ती जुनी उठावाची जागा बसली होती. त्यांना ते माहीत होतं की नाही, आता विचारता येणार नाही.

शहरही तसंच आखलेलं. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स लायल यांचं नाव दिलं. मधोमध घंटाघर (पाया १९०३ चा) आणि त्यातून फुटणारे आठ बाजार. रेल बाजार, कचेरी बाजार, झंग बाजार, चिनिओट बाजार... वरून पाहिलं तर इंग्रजांचा झेंडा दिसतो म्हणे. घंटाघरापाशी कापूस-गव्हाचा भाव विचारणाऱ्या शेतकऱ्याला वरून बघायची सोय नव्हती, हे बरंच.

इथवर सगळं सरकारच्या कौतुकाचं. पण १९०६ मध्ये सरकारने वसाहतीच्या जमिनींसाठी नवं विधेयक आणलं. जमीन बापामागे एकाच वारसाकडे जाणार, वारस नसेल तर सरकारजमा, आणि अटी मोडल्याच्या दंडाविरुद्ध कोर्टात जायचीही सोय नाही. ज्यांनी झुडपं उपटून, चारी काढून ही जमीन कसली, त्यांना कळलं की आपण मालक नाही, पाहुणे आहोत. मार्च १९०७ मध्ये लायलपुरात प्रचंड सभा झाली. बांके दयाळ यांनी तिथेच 'पगडी संभाल जट्टा' म्हटलं आणि आंदोलनाला तेच नाव पडलं. मे महिन्यात लाला लजपतराय यांना आणि पाठोपाठ अजितसिंग यांना मंडालेला धाडलं. आपल्याला मंडाले म्हटलं की टिळक आठवतात, पण टिळक तिथे पोचले ते पुढच्या वर्षी. मात्र अटका करूनही सरकारला माघार घ्यावी लागली. फौजेतला पंजाबी शिपाई याच घरांतला होता, त्यामुळे व्हाइसरॉय मिंटोंनी मे महिन्यातच विधेयकाला संमती नाकारली. सप्टेंबरमध्ये याच जिल्ह्यात, चक नंबर १०५ जी.बी. मध्ये, अजितसिंगांचा पुतण्या जन्मला. भगतसिंग.

शेतकी कॉलेजही त्याच काळातलं, १९०६ चं. तिथे रामधनसिंग यांनी काढलेल्या सी-५९१ गव्हाच्या पोळीचं कौतुक जुने पंजाबी अजून करतात. पुढे कापडगिरण्या आल्या, त्या इतक्या वाढल्या की शहराला पाकिस्तानचं मँचेस्टर म्हणायला लागले. त्यात मला फारसा रस नाही.

मला राहून राहून १९४७ चं आश्चर्य वाटतं. पगडी सांभाळून वाचवलेली ती जमीन चाळीस वर्षांत सोडावी लागली. बैलगाड्यांचे मैलोन् मैल लांब तांडे निघाले. पूर्व पंजाबात हिंदू-शिखांना वाटायला जमीन साधारण १९ लाख हेक्टर, आणि ते मागे सोडून आलेले २७ लाख. तरलोकसिंग नावाच्या अधिकाऱ्याने 'स्टँडर्ड एकर' हे माप काढलं आणि जितकी मूळ जमीन जास्त तितकी कपात मोठी ठेवली. कागदावर अगदी न्यायाचं. पण कालव्याखालच्या मुरब्ब्याची सवय झालेल्या माणसाला ते सोपं गेलं नसणार.

लायलपूरचं खालसा कॉलेज जालंधरला गेलं आणि तिथेही नावात लायलपूर ठेवून बसलं. उलट जालंधरहून निघालेल्या एका कव्वालाच्या घरात लायलपूरला १९४८ मध्ये मुलगा झाला, नुसरत फतेह अली खान. १९७७ मध्ये सौदीच्या राजे फैसल यांच्या नावावरून शहराचं फैसलाबाद झालं. चकांचे नंबर मात्र तसेच राहिले.

परवा नकाशावर जी.बी.वाले चक शोधत बसलो होतो. खूप आहेत. आईला फोन करून विचारलं, दारजींचा नंबर आठवतो का? तिला त्यांच्याकडचं मोहरीचं लोणचं आठवतं, ते ताकाला "लस्सी" म्हणायचे ते आठवतं. नंबर नाही. ठाण्याच्या आमच्या जुन्या मंडळींपैकी कुणाला आठवत असेल तर कळवा.