शाळा मंडळावर निवडून येणे

गेल्या वर्षी आमच्या सेक्शनमधल्या एका ट्रॅकमनने वेलचेरी स्टेशनात सगळ्यांना मैसूरपाक वाटला. त्याची पत्नी मुलीच्या सरकारी शाळेच्या 'पळ्ळी मेलाण्मै कुळु'वर, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीवर, पालकांतून निवडून आली होती. "सार, हे पद मोठे असते का?" असे त्याने मला विचारले. मी पडलो डिप्लोमावाला इंजिनियर, पटकन उत्तर सुचेना. म्हणून थोडे वाचन केले. त्यातले काही स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांसमोर ठेवतो.

आपल्याकडे हा विषय निघाला की नामदार गोखल्यांपासून सुरुवात करावी लागते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. त्यात सक्ती लागू करण्याचा अधिकार नगरपालिका व जिल्हा बोर्डांकडे ठेवला होता. पुढे विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा करून घेतला आणि प्रश्न गावोगावच्या सभागृहांत येऊन पडला.

पुण्यात १९२० साली तो चांगलाच पेटला. पैसा अपुरा, तेव्हा सक्ती आधी मुलग्यांना करायची की मुलींनाही? निर्णय करणारे सभासद पुरुष. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्यांचा पक्ष मात्र 'आधी मुलगे' म्हणणारा होता. ज्यांच्यामुळे आपण हा सार्वजनिक उत्सव करतो त्यांच्याविषयी हे लिहिताना हात जरा अडखळतो. पण घडले ते असे, आणि रमाबाईंचे म्हणणे बरोबर होते असे मला तरी वाटते.

गंमत म्हणजे त्याच १९२० साली इथे मद्रासमध्ये कॉर्पोरेशनचे अध्यक्ष पिट्टी त्यागराय चेट्टी यांनी थाउजंड लाइट्सच्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचा ठराव करून घेतला. खर्च मुलामागे दिवसाला एक आणा, त्याहून जास्त नाही. आपण ज्या टी. नगरला साड्या घ्यायला जातो ते याच त्यागरायांच्या नावाचे. तिकडे मुलींना शाळेत घ्यावे की नाही याचा वाद, इकडे आलेल्या मुलाच्या पोटाचा विचार. दोन्ही गोष्टी ठरत होत्या त्या नगरपालिकेच्या मतांवर.

मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार पाहायला स्कूल बोर्डे आली आणि १९४७ साली नवा कायदा झाला. मात्र नगरपालिकेच्या शाळा मंडळावरचे सभासद नगरसेवकांनी निवडायचे, आईबापांनी नव्हे. इंग्लंडात १८७० साली लंडन स्कूल बोर्डाची पहिली निवडणूक झाली तेव्हा करदात्यांनी थेट मते दिली होती. त्यात बायकांनाही उभे राहता येत होते, आणि एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टर बाई ४७ हजारांवर मते घेऊन निवडून आल्या! आपल्याकडे मात्र शाळा मंडळ म्हणजे पक्षाच्या कार्यकर्त्याची सोय, असे पुढे पुढे लोक म्हणू लागले. तरी त्यात मनापासून राबलेले सभासदही होते, हे विसरू नये. जिल्ह्यांची बोर्डे १९६२ साली जिल्हा परिषदांत विलीन झाली आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राने तो जुना कायदाच रद्द केला.

त्याआधीच २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला होता. त्याप्रमाणे सरकारी शाळेच्या समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. म्हणजे पुण्याच्या बायका ज्या सभागृहाबाहेर उभ्या होत्या, तसल्या बैठकीत आमच्या ट्रॅकमनची पत्नी आता खुर्चीवर बसते.

हे सगळे मी त्याला माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, पहिल्याच बैठकीत तिने मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही हा विषय काढला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काढणार आहे.