गडाची परीक्षा आणि पहारेकऱ्याची



रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकराच्या ओढीने ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शासन केले नाही. तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. आपल्याच माणसाने दाखविलेली वाट शत्रूच्या आधी बुजवावी, हेच संगणकावरील लुटुपुटीच्या हल्ल्यांचे मर्म होय.

जून १९९७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने असा प्रयोग केला. ‘एलिजिबल रिसीव्हर’ हे त्याचे नाव. तेथील राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची माणसे शत्रू बनली. अट अशी की, गुप्त साधने वापरावयाची नाहीत. कोणालाही मिळतील तीच घ्यावयाची. तरीही थोड्याच दिवसांत ती लष्कराच्या जाळ्यात शिरली. दुरुस्तीवाले असल्याची बतावणी करून त्यांनी फोनवर संकेतशब्दही मिळविले. मग प्रश्न निघाला, या जाळ्याच्या रक्षणाला जबाबदार कोण? उत्तर कोणापाशीच नव्हते. फेब्रुवारी १९९८ मध्ये खरेच घुसखोर आले. कॅलिफोर्नियातील दोन पोरे आणि इस्रायलचा एक तरुण, असे ते निघाले! त्याच वर्षाच्या अखेरीस रक्षणासाठी स्वतंत्र दल उभारले गेले. परीक्षेचा निकाल वरच्यांनी स्वतःस लावून घेतला.

आता इंग्लंडकडे वळू. २०२१ साली वेस्ट मिडलंड्स ट्रेन्स या रेल्वे कंपनीच्या सुमारे २,५०० कामगारांना ईमेल आला. करोनाच्या साथीतील कामाबद्दल बोनस मिळणार! दुवा उघडणाऱ्यांस मागाहून कळले की, ही परीक्षा होती. टी.एस.एस.ए. या कामगार संघटनेने निषेध केला आणि तो बोनस खरोखरच द्या, अशी मागणी केली.

कोणी म्हणेल, चोर काय भीडमुर्वत पाळतो? खरे आहे. परंतु चोराच्या थापेने मालकाचा शब्द खोटा पडत नाही, मालकाच्या थापेने पडतो. आम्ही जे शिकलो ते गेटसभांत शिकलो. चारचौघांत फजीत झालेला कामगार पुढची चूक लपवितो, हे आम्ही पाहिले आहे. आणि येथे तर, ‘माझ्या हातून चूक झाली’ असे तत्काळ सांगणारा माणूसच पहिला पहारेकरी असतो.

म्हणून परीक्षा अवश्य घ्यावी. मात्र पगार-बोनसाचे आमिष नसावे, चुकलेल्याचे नाव फळ्यावर लागू नये, आणि वाट सापडली की बुरूज बांधण्याचा खर्च मालकाने करावा.